मामंजींना हलवण्याची मोहीम

सोमवार, ४ मार्च

आज ठरवलं. मामंजींना थोरल्या भावजींकडे पाठवायचं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, पण त्याला सांगणं आणि धुलाईच्या मशीनला सांगणं एकच. दोघंही थोडा वेळ घुमतात आणि थांबतात.

झालं असं. सकाळी एक नवीन बाई आल्या. गाडीतून उतरल्या, हातात पडद्यांचं भलंमोठं गाठोडं. असं गिऱ्हाईक हल्ली आमच्या लाँड्रीची पायरी क्वचितच चढतं, कारण कोपऱ्यावर ते काचेचं दुकान झालंय. पैसे टाका, बटण दाबा, कपडे घेऊन घरी जा. मी आत इस्त्रीवर होते, काउंटरवर मामंजी. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी इस्त्री सोडली आणि काउंटर धरला. दुकान त्यांनीच उभं केलेलं, तेव्हा तिथून उठा असं म्हणणार कोण? बाईंनी गाठोडं ठेवलं आणि सहज विचारलं, "कशानं धुता हो? पावडर चांगली वापरता ना?"

एवढं विचारायचाच अवकाश. मामंजी म्हणाले, "आता पावडरच. पण दोन हजार वर्षांपूर्वी रोममधले लाँड्रीवाले काय वापरायचे, माहीत आहे? मूत्र. माणसांचं. रस्त्याच्या कडेला रांजण ठेवायचे, येणारे-जाणारे त्यात करायचे. मग ते साठवून त्यात कपडे भिजवायचे आणि पायांनी तुडवायचे. डाग कसे निघायचे म्हणता. पुढे एका सम्राटानं त्याच्यावर करसुद्धा बसवला."

बाईंनी पडद्यांकडे पाहिलं. मग आमच्या निळ्या पिंपाकडे पाहिलं, ज्यात साधं पाणी असतं. मग "मी जरा घरी विचारून येते" म्हणाल्या आणि गाठोड्यासकट गाडीत जाऊन बसल्या.

मी बाहेर आले. "मामंजी, गिऱ्हाईकाला असलं सांगतात का?"

"खरं आहे ते, सूनबाई."

"म्हणूनच नाही सांगायचं. खोटं असतं तर एक वेळ चाललं असतं."

भावजी दातांचे डॉक्टर आहेत. शेजारच्या शहरात मोठं घर आहे, घराखालीच दवाखाना आहे. मामंजींना तिथं वेगळी खोली मिळेल, खिडकीतून बाग दिसेल. मी त्यांच्या भल्याचाच विचार करते आहे. पण नुसतं सांगितलं तर भावजींना वाटेल, सुनेला सासरा जड झाला. म्हणून आजपासून मामंजी काय काय बोलतात ते पुरावा म्हणून इथं लिहून ठेवणार.

बुधवार, ६ मार्च

पुरावा. आज वकीलसाहेबांना सांगितलं की कित्येक वर्षं युरोपात डाव्या-उजव्या पायाचे बूट वेगळे नसायचेच. दोन्ही सरळसोट, कुठलाही कुठल्याही पायात घाला. झिजले की अदलाबदल करा.

वकीलसाहेब हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. रोज एकच शर्ट आणतात. बिचाऱ्यांकडे दोनच शर्ट असावेत, वकिली फारशी चालत नसणार. शर्ट देऊन झाला तरी काउंटरला टेकून उभे राहतात, बहुधा कंबर धरत असेल. आज तर त्यांनी चक्क बूट काढले, डावा उजव्या पायात घातला आणि दुकानात येरझाऱ्या घातल्या. मामंजी बाजूनं चालत "कुठं लागतंय? अंगठ्याला?" असं विचारत होते. गिऱ्हाईकाचा असा वेळ घेतल्यावर कोण परत येईल?

दुपारी दुकान रिकामं असताना मी चपला उलट्या घालून पाहिल्या. केवळ खातरजमा म्हणून. करंगळीला फार लागतं.

शनिवार, ९ मार्च

मामंजींना हे सगळं मिळतं कुठून, तर रद्दीतून. इस्त्री झालेले कपडे आम्ही जुन्या वर्तमानपत्रांत आणि मासिकांत बांधून देतो. मामंजी आधी कागद वाचतात, मगच त्यात कपडे बांधतात. कागद रंगला तर पुडकं तसंच उघडं पडतं आणि गिऱ्हाईक खोळंबतं. आवडलेला कागद तर ते बांधायला देतच नाहीत, स्वतःच्या गठ्ठ्यात ठेवतात. गठ्ठा आता माझ्या कमरेला आलाय.

आज कहर झाला. म्हणे काल सिस्टरच्या कपड्यांना गेलेल्या कागदावर एका मजकुराचा उत्तरार्ध होता. "सूनबाई, एवढं पान घेऊन ये." सिस्टर म्हणजे इथल्या दवाखान्यातल्या नर्सबाई, दोन गल्ल्या सोडून राहतात. मी मुकाट गेले. पान त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "पान देते, पण आधीचं काय ते आजोबांना उद्या विचारीनच." उद्या रविवार आहे, दुकान अर्धाच दिवस उघडं असतं. तरी यायचं म्हणतात. या सिस्टरचंही काही कळत नाही. त्यांचे कपडे मळलेलेच नसतात. आज त्यांनी दिलेल्या टॉवेलला माझ्याच इस्त्रीची घडी होती. स्वच्छतेचं वेड म्हणतात ते हेच.

पुरावा, त्या पानावरचा. थंड देशांत अननस पिकत नसे, तेव्हा तो इतका महाग असायचा की लोक मेजवानीपुरता भाड्यानं आणायचे. टेबलावर मधोमध मांडायचा, पाहुण्यांनी बघायचा, कुणी कापायचा नाही. दुसऱ्या दिवशी तोच अननस दुसऱ्या घरी. काय एकेक लोक.

मंगळवार, १२ मार्च

आज मामंजींनी दुकानाच्या मुळावर घाव घातला. समोर चार गिऱ्हाइकं उभी, आणि हे सांगतात की पूर्वी युरोपातल्या श्रीमंत घरांत धुणं वर्षातून दोन-तीनदाच निघायचं. चादरी, टेबलक्लॉथ, अंगातले कपडे, सगळ्यांचे ढीग कपाटांत असायचे. ज्याच्या घरी वारंवार धुणं, त्याच्याकडे कपडे कमी, म्हणजे तो गरीब. सहा महिने धुवायला लागू नये एवढे कपडे असणं ही खरी प्रतिष्ठा.

मी आतून वाफेची इस्त्री जोरात आपटली. कुणाला कळलंसुद्धा नाही. वकीलसाहेब म्हणाले, "म्हणजे आजोबा, मी तुमच्याकडे रोज येतो तो भिकारीच की." सगळे हसले. आता हा माणूस सहा महिन्यांनी उगवणार, असं मी मनात म्हटलं आणि त्याची आशा सोडून दिली.

बुधवार, १३ मार्च

वकीलसाहेब आले होते. एक हातरुमाल घेऊन.

शुक्रवार, १५ मार्च

फोन केला. भावजींना नको, थेट जाऊबाईंना, कारण त्या घरात होकार-नकार तिथूनच सुटतो. मी वहीतला पुरावा क्रमानं वाचून दाखवला. मूत्र, बूट, अननस, वर्षातून दोनदा धुणं. वाटलं होतं, ताई "अगंबाई" म्हणून कपाळाला हात लावतील. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "अगं, मग पाठव की इकडे. आमच्या दवाखान्यात पेशंट नुसते घाबरून बसलेले असतात, निम्मे नंबर यायच्या आत पळतात. मामंजी बाहेर बसून गप्पा मारतील, लोकांचं मन रमेल." मला जरा रागच आला. माझं दुकान बुडालं तेव्हा ती पीडा आणि यांच्या दाराशी गेली की सोय?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघ बाई."

संध्याकाळी मामंजींना सांगितलं. पुडकं बांधत होते, सुतळी तशीच हातात राहिली. "किती दिवस?" म्हणाले. मी म्हटलं, "बघू. हवापालट होईल तुम्हाला." त्यांनी मान हलवली आणि गाठ मारली. त्यानंतर दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना काहीच सांगितलं नाही. मला हवं होतं तसंच झालं, तरी बरं वाटलं नाही.

रविवार, १७ मार्च

सकाळच्या गाडीनं गेले. नवऱ्यानं बसवून दिलं. निघताना मला गठ्ठा दाखवून म्हणाले, "यातलं काही बांधायला घेऊ नकोस. आणि वरच्या पानावर ते पहाटे उठवणाऱ्या माणसांचं आहे. सिस्टरना अर्धंच सांगून झालंय." मी म्हटलं, "सिस्टर काय त्यासाठी येतात?" ते चष्मा पुसत राहिले.

काउंटर आता माझा. आधी तो स्वच्छ पुसून घेतला. त्याच्या कडेला एक खळगा पडलाय, कोपर टेकून टेकून. पॉलिश करून घ्यायला हवं.

मंगळवार, १९ मार्च

शांत. कुणी खोळंबत नाही, पुडकी वेळेवर. वकीलसाहेब शर्ट घेऊन आले, इकडेतिकडे पाहिलं, "आजोबा कुठे?" म्हणाले. सांगितलं. ते "असं" म्हणाले आणि शर्ट काखेत धरूनच परत गेले. विसरले बहुतेक. वकील माणूस, डोक्यात शंभर गोष्टी.

शुक्रवार, २२ मार्च

गिऱ्हाईक फारच रोडावलंय. परीक्षांचे दिवस आहेत, लोकांना कपड्यांचं सुचत नसेल. शिवाय कोपऱ्यावरच्या काचेच्या दुकानानं म्हणे थंड पाण्याचं मशीन बसवलंय, धुणं होईपर्यंत माणसं पाणी पीत बसतात. पाण्यासाठी कुणी कपडे धुतं का?

आज सिस्टर आल्या. हातात पिशवीही नव्हती. म्हणाल्या, "त्या उठवणाऱ्या माणसांचं पुढे काय झालं?" मी गठ्ठ्यातलं वरचं पान काढून वाचून दाखवलं. गजराची घड्याळं घरोघरी नव्हती तेव्हा कारखान्यांच्या गावांत पहाटे माणसं फिरायची. लांब काठीनं वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करायची, काही जण तर नळीतून वाटाणे फुंकून काचेवर मारायचे. गिऱ्हाईक उठून खिडकीत आल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी शब्द न् शब्द वाचला, कुठं चुकले नाही. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा असते तर त्यांनी टकटक करून दाखवलं असतं." आणि गेल्या.

मग मलाही चेव आला. पुढचं गिऱ्हाईक, एक तरुण नवरा-बायको, फक्त दोन चादरी. मी म्हटलं, ऐकवूच. नेमका तेव्हा अननस आठवला आणि तोंडातून निघालं, "पूर्वी युरोपात लोक अननस धुवायला लाँड्रीत द्यायचे." तो म्हणाला, "का?" मी म्हटलं, "प्रतिष्ठा." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चादरी कधी मिळतील ते विचारलं.

शनिवार, २३ मार्च

ताईंचा फोन. तक्रारच होती. मामंजी तिथं तोंडातून शब्द काढत नाहीत. सकाळी अंघोळ करून वेटिंग रूममध्ये कोपऱ्यात बसतात, पेपरसुद्धा वाचत नाहीत. पेशंट आणि ते, दोघंही एकमेकांकडे बघत बसतात. "तू तर म्हणालीस, तोंड थांबत नाही. जेवणही कमी झालंय गं." मी म्हटलं, नवीन जागा आहे, रुळतील.

फोन ठेवल्यावर मशीनमागे जाऊन उभी राहिले. मला रडू आलं. का ते लिहीत बसत नाही. त्यांना परत बोलवावं असं वाटतंय, पण आठवड्यात माघार घेतली तर ताई जन्मभर ऐकवतील. आणि बोलवायचं तरी कोणत्या तोंडानं?

सोमवार, २५ मार्च

मामंजींशी बोलले. "रमलात ना?" म्हटलं. "हो, छान आहे सगळं," म्हणाले. "दुकान कसं चाललंय?" मी म्हटलं, "जोरात. बघायला वेळ नाही." मग म्हणाले, "जरा त्याला दे."

माझा नवरा, जो फोनवर हो आणि ठेवतो याखेरीज काही बोलत नाही, तो फोन घेऊन मागे गेला आणि चांगला बराच वेळ बोलत होता. मशीन चालू होतं, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बाहेर आला तो शीळ घालत. "काय म्हणाले?" विचारलं तर म्हणे, "काही नाही, दात कसे काढतात ते विचारत होतो." याला कधीपासून दातांचं पडलं?

बुधवार, २७ मार्च

अनर्थ. ताईंचा फोन सकाळीच, आवाज इतका चढलेला की मी कानापासून लांब धरला. मामंजी बोलायला लागले. कालपासून. आणि काय बोलले ते ताईंनी सांगितलं, मी लिहून ठेवते.

वेटिंग रूम भरलेली. मामंजी अगदी मायेनं शेजारच्या गृहस्थांना म्हणाले, "काढायचाय का? घाबरू नका. पूर्वी दात न्हावीच काढायचा, दाढी करता करता." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की जत्रेत दात काढणारे यायचे, त्यांच्याबरोबर ढोलवाले असायचे, आणि दात उपटताना ढोल जोरजोरात वाजवायचे, म्हणजे ओरडणं पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये. नेमकं त्याच वेळी आत भावजींनी ड्रिल सुरू केलं. दोन जण उठून गेले.

उरलेल्यांत एक आजी कवळी बसवायला आलेल्या. त्यांना सांगितलं की दोनशे वर्षांपूर्वी कवळीत खऱ्या माणसांचे दात बसवायचे. एका मोठ्या लढाईनंतर तर मेलेल्या सैनिकांचे दात काढून पोत्यांनी विकायला आले होते. तरुण सैनिकांचे, म्हणून मजबूत. आजींनी तोंडावर पदर धरला आणि लेकाला म्हणाल्या, घरी चल.

वेटिंग रूम ओस. भावजींनी बाहेर येऊन विचारलं, नेक्स्ट कोण, तर मामंजी एकटे बसलेले. म्हणाले, "कुणी नाही रे. तुझे दात बघू का?"

ताई म्हणाल्या, उद्याच्या गाडीत बसवते. मी म्हटलं, "ताई, ठेवून घ्या अजून आठवडाभर, म्हातारं माणूस आहे." का म्हटलं ते मला माहीत नाही. त्या "अजिबात नाही" म्हणाल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चादर पिळत होता, ती तोंडावर धरून हसला. म्हातारपणी वडिलांची अशी शोभा झाली आणि याला हसू येतं.

गुरुवार, २८ मार्च

मामंजी आले. मला वाटलं होतं खजील असतील. गाडीतून उतरले तेव्हा गालावर लाली होती, प्रवासाची असेल. मी मनाशी ठरवलेलं सगळं बोलून घेतलं. "मामंजी, अहो, दात काढायला आलेल्या माणसाला कुणी ढोलांचं सांगतं का? कुठं काय बोलावं याला काही धरबंध?"

"चुकलंच माझं," ते खाली मान घालून म्हणाले. "वय झालं सूनबाई. काही कळेनासं झालंय." नवऱ्याला अचानक खोकल्याची उबळ आली आणि तो बॅग घेऊन आत पळाला. बिचाऱ्या मामंजींच्या निष्पापपणाचं मला फार वाईट वाटलं. या माणसाच्या मनात कपट म्हणून नाही.

चहा प्यायले, मग तिथंच बसून राहिले. काउंटरकडे गेले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "मग आता कुठं पाठवणार मला?"

मी म्हटलं, "कुठं नाही. तुम्ही गेल्यापासून दुकान खायला उठतंय. गिऱ्हाईक तर गेलंच, पण ते राहू द्या, मलाच करमत नव्हतं." हे सगळं मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, टॉवेलांच्या घड्या घालत. ते उठले, माझ्याजवळचे निम्मे टॉवेल स्वतःकडे ओढले आणि थरथरत्या हातांनी घड्या घालायला लागले. त्यांच्या घड्या वाकड्या येत होत्या. मी त्या परत घातल्या नाहीत, तशाच फडताळात ठेवल्या.

शनिवार, ३० मार्च

बातमी कशी पसरते कोण जाणे. सकाळी शटर अर्धं वर गेलं नाही तोच वकीलसाहेब आत. आज त्यांनी साठलेलं सगळं धुणं आणलं, गाठोडंच्या गाठोडं. त्यांच्याकडे तब्बल अकरा शर्ट निघाले. मग दोनच का वाटत होते मला? सिस्टर आल्या, ते तरुण नवरा-बायको आले. त्यांनी मामंजींना विचारलं, "आजोबा, ते अननस धुवायला द्यायचे ते खरं का?" मी इस्त्रीवर खिळले. मामंजींनी एकदा आत माझ्याकडे पाहिलं, मग त्यांना म्हणाले, "आमच्या सूनबाईंनी सांगितलंय ना, मग त्यांनाच विचारा. मला एवढं खोल माहीत नाही." आणि विषय बदलून टाचांच्या बुटांवर नेला, जे आधी घोड्यावर बसणारे पुरुष घालायचे, रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून.

काउंटरपुढे उभं राहायला जागा नव्हती. मी आतून दोन स्टुलं आणून ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. ताई. आज आवाज अगदी खाली होता. म्हणाल्या, "अगं, ते परवा पळालेले गृहस्थ आलेत. दात काढून घेतला मुकाट्यानं. आता उठायला तयार नाहीत, म्हणतात ढोलवाल्यांचं पुढचं ऐकायचंय. त्या कवळीच्या आजीही विचारून गेल्या. आणखी दोघं-तिघं बसलेत. मी काय म्हणते, मामंजींना सोमवारच्या गाडीनं बसवून देतेस का? निदान आठवड्यातले तीन दिवस?"

मी म्हटलं, "जमायचं नाही ताई. इथं दुकानाला माणूस लागतं." आणि त्यांचं पुढचं ऐकायच्या आत फोन ठेवला.

मामंजींनी बोलता बोलता थांबून विचारलं, "कुणाचा फोन गं?"

"राँग नंबर," मी म्हटलं. "तुम्ही चालू द्या."